शीग लावून नेलं, सपाट करून दिलं: ओटीवरच्या एका नाट्यप्रयोगाविषयी

शेजारणीकडून शेरभर तांदूळ उसने नेले तेव्हा मापावर शीग, म्हणजे काठाच्या वर आलेली रास, होती. आठ दिवसांनी परत करायला निघालेली बाई तोच शेर भरते, शीग लावते, जराशी थांबते आणि तळहात फिरवून माप सपाट करते. चार दाणे डब्यात परत पडतात. ओटीवर बसलेल्या तीस माणसांना ते दाणे पडल्याचा आवाज ऐकू येतो, कारण पहिली रांग तिच्यापासून तीन हातांवर आहे आणि पंखा बंद आहे.

सत्तर मिनिटांच्या प्रयोगाची ही सुरुवात. वेंगुर्ले-मालवण पट्ट्यातल्या एका कवयित्रीने तो लिहिला आणि बसवला आहे. दोन कलाकार, एक बाकडं आणि चार दिवे घेऊन त्या घरोघरी प्रयोग करतात. ओटी, पडवी, मांडव घातलेलं खळं, जे असेल तिथे. विषय रोजच्या चुकांचे आहेत. उसनं परत करताना हात आखडणं, खोटं न बोलता खरं लपवणं, आईचा फोन न उचलणं, दुसऱ्याच्या सुनेबद्दल कानावर आलेलं पुढे सांगणं. असे पाच तुकडे आहेत, मध्यंतर नाही. हा प्रयोग घरी बोलवावा का, याचं उत्तर आधीच देतो. बोलवावा. मात्र घर त्यासाठी तयार करावं लागतं, आणि त्या तयारीत बाहेर काढायच्या वस्तू जास्त, आणायच्या कमी.

कवीने नाटकाकडे वळणं इथल्या मातीला नवं नाही. चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०-१९७६) आरती प्रभू या नावाने कविता लिहीत आणि नाटकंही लिहीत. त्यांचा जन्म वेंगुर्ल्याजवळचाच. छोट्या जागेतलं नाटकही जुनंच. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने १९०७ साली स्टॉकहोममध्ये ‘इंटिमेट थिएटर’ सुरू केलं तेव्हा त्यात १६१ जागा होत्या. १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह मराठी प्रायोगिक नाटकाचं घर झालं. इथे ती जागा आणखी आकसून एका ओटीएवढी झाली आहे. या प्रयोगाचं बाकडं मात्र थेट दशावतारातून आलेलं आहे. दशावतारी नाटकात रात्रभराचं आख्यान एका लाकडी बाकड्यावर उभं राहतं. तेच राजाचं सिंहासन आणि तेच ऋषीचं आसन. इथे ते कधी स्वयंपाकघरातली फळी होतं, कधी एसटीचा थांबा, कधी आंब्याच्या पेट्या लावायची जागा. सिंधुदुर्गातल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. एक फरक मात्र मोठा आहे. दशावतारी नट संवाद उभ्या उभ्या रचतो. इथे शब्द बांधलेले आहेत आणि थांबेही मोजलेले आहेत. कवितेच्या ओळी तोडायची सवय असलेल्या हाताने ते मोजलेत, हे जाणवतं.

तांदळाच्या तुकड्यात संवाद फारच थोडे आहेत. “काकी, शेरभर तांदूळ दी गे. आयतवारी हाडून देतंय.” (रविवारी आणून देते.) एवढ्यावर पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात ती बाई एकटी आहे आणि माप आहे. सपाट केल्यावर ती शेराकडे बघते, चिमूटभर तांदूळ वर टाकते, मग तेही बोटाने काढून घेते. शेवटी शेर पदराखाली झाकून निघते. परत आलेलं माप काकी हातात घेते, वरून हात फिरवते आणि म्हणते, “बस गे, च्या घी.” तिला कळलंय की नाही, हे प्रयोग सांगत नाही. कवयित्रीची खरी ताकद इथे दिसते. भाषेवर प्रेम असलेल्या माणसाला या जागी दोन ओळी लिहायचा मोह झाला असता. त्यांनी तो आवरला आणि जागा हातांना दिली. तीन हातांवरून प्रेक्षक मनगट बघू शकतो, बोटं बघू शकतो, आणि ही चूक बोटांतच आहे.

दुसरा तुकडा आंब्याच्या पेटीचा. पेंढ्यावर खाली एक थर कर्नाटकातल्या आंब्याचा, वर दोन थर देवगडचे. गिऱ्हाईक विचारतं, “देवगडचोच मां?” विकणारा उत्तर देतो, “तुमी कधी इलास?” तो खोटं काहीच बोललेला नाही. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेट्यांवर शिक्के आले, तरी प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देण्याची ही युक्ती बाजारात रोज दिसते. तुकडा छान रंगतो, हशा येतो. नटाचा मात्र एक दोष इथे उघडा पडतो. राज्य नाट्य स्पर्धेत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय त्याला लागलेली आहे. तीन हातांवरच्या माणसाला ती फेक अंगावर आल्यासारखी वाटते. हा दोष तालमीत सुटण्यासारखा आहे. समोरच्या माणसाच्या गुडघ्याकडे बघून बोललं की आवाज आपोआप खाली येतो. छातीतून काढलेला आवाज ओटीवर नेहमीच जास्त होतो.

तिसरा तुकडा सगळ्यांत सरस आहे. ओटीवर फक्त रिकामं बाकडं आणि त्यावर वाजणारा फोन. नट आत माजघरात असतो, दिसत नाही. फोन थरथरत बाकड्यावरून तिरका सरकतो. आतून मुलाचा आवाज येतो, “मगे करतंय,” म्हणजे नंतर करतो. फोन थांबतो, पुन्हा वाजतो. तिसऱ्या वेळी तो बाकड्याच्या कडेला येतो आणि प्रेक्षकांतलं कुणीतरी हटकून हात पुढे करतं. कवयित्रीला तो हात हवाच असतो, म्हणून फोन पडू शकेल असाच ठेवलेला असतो. खाली घडी केलेलं धोतर अंथरलेलं असतं, म्हणजे पडला तरी फुटत नाही. शेवटी आईचा आवाज ध्वनिमुद्रित निरोपातून येतो, “जेवलंस काय रे?” प्रश्न एवढाच. यात एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. बाकडं जुन्या सागाचं किंवा फणसाचं, गुळगुळीत झालेलं असेल तरच थरथरणारा फोन सरकतो. रंग दिलेल्या बाकड्यावर तो चिकटून राहतो. म्हणून मंडळी आपलंच बाकडं आणतात. यजमानाने प्रेमाने स्वतःचं देऊ केलं तरी घेत नाहीत, त्याचा राग मानू नये.

चौथ्या तुकड्यात प्रयोग घसरतो. गावातल्या कुणाच्या तरी सुनेबद्दल पसरलेली गोष्ट, आणि ती पसरवणारी बाई. सुरुवात चांगली आहे. तीच बातमी चार घरांत चार वेळा सांगितली जाते आणि दर वेळी एक शब्द वाढतो. पहिल्या घरी “उशिरा इली” असतं, चौथ्या घरी “रात्री इली, एकटी नव्हती” होतं. इथे थांबायला हवं होतं. त्याऐवजी दिवा मंद होतो आणि कवयित्री स्वतः पुढे येऊन जिभेवरची कविता म्हणतात. कविता वाईट नाही, कागदावर वाचली तर आवडेल. पण चार घरांच्या चालीतून प्रेक्षकाला जे कळलं, तेच ती पुन्हा सांगते. चटईवर बसलेली माणसं याच जागी पाय बदलतात, आणि ओटीवर पाय बदललेला ऐकू येतो. ही कविता काढली तर प्रयोग सहा मिनिटांनी लहान होईल आणि पाचव्या तुकड्याला हवी ती शांतता मिळेल.

पाचवा तुकडा गाऱ्हाण्याचा. देवळात, घरच्या गणपतीसमोर, नव्या कामाच्या आरंभी घातलं जाणारं गाऱ्हाणं कोकणात प्रत्येकाच्या कानात बसलेलं आहे. त्याला नाटकांतून विनोदासाठीही भरपूर वापरलं गेलंय, त्यामुळे “बा देवा म्हाराजा” म्हटलं की हसायची सवय असते. हे टाळण्यासाठी त्यांनी फार साधा मार्ग काढला आहे. नटी हात जोडत नाही, उभी राहत नाही. शेर, फोन, पेटीतला पेंढा, चहाचे कप असं सांडलेलं सामान गोळा करता करता ती पुटपुटल्यासारखं बोलते: “बा देवा म्हाराजा, शीग लावन नेलंय, सपाट करून दिलंय…” थांबते. दोन-तीन जण सवयीने म्हणतात, “व्हय म्हाराजा.” मग पुढची चूक, मग पुढची. तिसऱ्या वेळी सगळी ओटी हळू आवाजात साथ देते. प्रत्येकजण स्वतःच्या तोंडून कबूल करतो आणि कुणीही कुणाकडे बघत नाही. शेवटचं “काय चुकला-माकला आसात ता पदरात घे” ती म्हणत नाही, तिथे फक्त रिकामी जागा सोडते. बहुतेक वेळा एखादं म्हातारं माणूस ते पूर्ण करतं.

या तुकड्याला एक मर्यादा आहे. भाषा मालवणी आहे. राजापूरच्या वर, गुहागर-दापोलीकडे जमणारा प्रेक्षक साथ देतो, पण उशिरा देतो आणि “होय महाराजा” असं म्हणतो. तिकडच्या घरी प्रयोग ठरवताना तालमीच्या वेळीच चार-पाच घरच्या माणसांना सांगून ठेवावं की इथे म्हणायचं आहे. कुणाला घरात देवासमोर हे चालणार नसेल तर देवघराचं दार लोटून घेऊन ओटीवर करता येतं. मंडळी आधी विचारतात, ही त्यांची चांगली रीत आहे.

आता घराचं. मोजमापाला पर्याय नाही. मांडी घालून बसलेल्या माणसाला साडेपाच चौरस फूट लागतात, म्हणजे तीस जणांना १६५ चौरस फूट. खेळायला ८ बाय १० फूट, शिवाय ये-जा करायला दीड-दोन फुटांची वाट. १२ बाय २४ फुटांच्या जुन्या ओटीत हे नीट बसतं. त्याहून लहान ओटीत वीसच माणसं बोलवावीत. जमीन सपाट असल्याने मागच्यांना दिसत नाही ही नेहमीची तक्रार. तिच्यावर उपाय असा: पहिल्या दोन रांगा चटईवर, तिसरी पाटावर किंवा बुटक्या स्टुलांवर, चौथी खुर्च्यांवर. तीसच्या वर माणसं गेली की पाचवी रांग होते आणि पाचव्या रांगेला बोटं दिसत नाहीत. मग तांदळाचा तुकडा तिच्यापुरता बंदच. प्लास्टिकच्या खुर्च्या टाइल्सवर करकरतात. पायांखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावावेत.

आवाजाच्या बाबतीत जुनी घरं भाग्यवान आहेत. मातीची किंवा शेणाने सारवलेली जमीन, कौलांच्या फटी आणि गिलावा नसलेला चिरा आवाज फार घुमू देत नाहीत. नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये मोठ्या टाइल्स, पीओपीचं छत आणि काचेच्या खिडक्या असतात, तिथे प्रत्येक शब्दाला शेपूट येतं. दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या आणि जमिनीवर जाजम अंथरलं की बरंच कमी होतं. फ्रीज बंद करावा, त्याचा कॉम्प्रेसर नेमका थांब्याच्या जागी सुरू होतो. बंद केल्यावर स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवावी, म्हणजे रात्री पुन्हा चालू करायचं विसरणार नाही. पंपाचा ऑटो स्विचही बंद करावा, तो कुणाच्या लक्षात येत नाही.

दिव्यांचं काम कवयित्री स्वतः बघतात. ४० वॉटचे चार तारेचे बल्ब, उजेड कमी-जास्त करणाऱ्या साध्या डिमरवर. एलईडी का नाहीत असं लोक विचारतात. साधा एलईडी डिमरवर लावला की लुकलुकतो आणि शेवटी हळूहळू विझत नाही, पटकन जातो. तारेचा बल्ब तांबूस होत विझतो, आणि या प्रयोगात दोन तुकडे त्या तांबूस उजेडावरच संपतात. चारही मिळून भार १६० वॉटचा, त्यामुळे घरातला ६ अँपिअरचा साधा प्लग पुरतो. वीज जाणं धरूनच चालावं. घरचा इन्व्हर्टर हा भार सहज ओढतो, पण तो स्क्वेअर वेव्ह प्रकारचा असेल तर डिमर गुणगुणतो आणि बल्ब थरथरतात. अशा वेळी डिमर बाजूला ठेवून दिवे पूर्ण उजेडावर ठेवावेत. प्युअर साइन वेव्ह प्रकारचा असेल तर अडचण नाही. आदल्या संध्याकाळी, प्रयोगाच्याच वेळेला, मंडळी येऊन हे सगळं तपासतात. दुपारी या असं त्यांना सांगू नये. दुपारी शेजारच्या घरातला टीव्ही, देवळातली आरती, रस्त्यावरचा हॅलोजन यांतलं काहीच कळत नाही.

भात कापणीच्या सुमाराला दिव्यावर तुडतुडे आणि किडे येतात. नटीच्या डोळ्यांत किडा गेला की तुकडा तुटतो. पिवळ्या दिव्याला कमी येतात, तरी येतातच. घराच्या मागल्या बाजूला, ओटीवरून दिसणार नाही अशा ठिकाणी, एक पांढरी ट्यूबलाइट अर्धा तास आधी लावून ठेवावी. बरेचसे किडे तिकडे जातात.

यजमानांकडून होणाऱ्या चुका बहुतेक आदरातिथ्यातून होतात, म्हणून त्या सांगताना जीव संकोचतो, पण सांगायलाच हव्यात. पाहुण्यांचा सत्कार, शाल-श्रीफळ, दोन भाषणं आणि मग प्रयोग हा क्रम घातक आहे. वीस मिनिटं माइकवरून ऐकलेल्या कानाला नंतर तांदळाचे दाणे ऐकू येत नाहीत. सत्कार करायचाच तर प्रयोगानंतर, शेवंतीची एक वेणी देऊन करावा. मध्येच चहा फिरवू नये, आधी द्यावा आणि कप गोळा करून घ्यावेत. (गाऱ्हाण्यातले कप मंडळींचे असतात, ते धुवायला नेऊ नयेत.) उशिरा येणाऱ्यांसाठी ओटीच्या पायऱ्यांवर एक जाणता माणूस उभा करावा. तुकडा संपेपर्यंत त्यांना तिथेच थोपवावं, हात धरून पुढे आणू नये. लहान मुलं चालतात. ती पहिल्या रांगेत बसली तर उत्तमच, शीग सपाट होताना सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं.

मोठ्या नाट्यगृहात हा प्रयोग करायची हौस काही मंडळांना असते. पाचशे खुर्च्यांसमोर तो मरतो. पण एक मार्ग आहे. दर्शनी पडदा बंद ठेवून प्रेक्षकांनाही रंगमंचावरच बसवावं. बाजूच्या विंगा काळ्या असतातच, आवाज कोंडला जातो, आणि ओटीवरची जवळीक बऱ्यापैकी मिळते. तिकीट लावून जाहीर प्रयोग करायचा असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, तेव्हा ते हातात आहे का हे तारीख ठरवण्याआधी विचारावं.

मानधन सात हजार रुपये आणि येण्या-जाण्याचा खर्च. राहायची सोय करावी, कारण दिवे उतरवून सामान बांधेपर्यंत साडेदहा वाजतात आणि गावाकडे परतायला एसटी नसते. तीन माणसांचं काम, आदल्या दिवशीची खेप आणि सत्तर मिनिटांची बांधीव संहिता पाहता ही रक्कम कमीच आहे. घरच्या बारशा-मुंजीच्या मांडवावर याहून जास्त जातात. आठ-दहा शेजाऱ्यांनी मिळून वर्गणी काढली तरी चालतं. मात्र ज्याने पैसे दिले त्याला पुढची जागा, असं करू नये.

तारीख ठरवताना गावाच्या जत्रांची यादी समोर ठेवावी. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, जत्रेच्या रात्री दशावतार असतो आणि माणसं तिकडेच जाणार. शिमग्याचे दिवसही सोडावेत. एप्रिल-मे मध्ये मुंबईकर घरी असतात हे खरं, पण बागायतदारांच्या घरात तेव्हा रात्री पेट्या भरायचं काम चालतं. पावसाळ्यात कौलांवरच्या आवाजाने फोनचा तुकडा ऐकूच येत नाही. राहता राहिले डिसेंबर ते फेब्रुवारीतले जत्रा नसलेले दिवस. संध्याकाळी साडेसातची वेळ बरी, दिवेलागण होऊन घरातली कामं आटपलेली असतात. आणि गाऱ्हाणं संपल्यावर ओटीवरचा मोठा दिवा लगेच लावू नये. तो तांबूस बल्ब पूर्ण विझू द्यावा, माणसं आपापल्या चपला अंधारात शोधतील.